डायनासोरच्या लई आधीची गोष्ट: पृथ्वीवरच्या सुरुवातीच्या जीवांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात बायोलॉजी शिकवतो. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, त्यामुळं दरवर्षी जून-जुलैत व्हॉट्सअॅपवर प्रश्न सुरू होतात, पोरांचे कमी आणि पालकांचे जास्त, शिवाय उद्यमनगरातले दोन-तीन मित्र आहेत ते रात्री अकराला फोन करून विचारतात. बहुतेकांना उत्क्रांती म्हटलं की माकड आणि डायनासोर एवढंच आठवतंय. पण मोठमोठी कामं त्याच्या कितीतरी आधी, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी करून ठेवलीत आणि नेमका तोच भाग सगळे गाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून परत परत येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. पृथ्वीवर जीव नक्की कधी आला? एकच आकडा सांगा.

एकच पाहिजे असेल तर ‘साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वी तरी होताच’ असं लिहा. ‘तरी’ महत्त्वाचं आहे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा नावाचा भाग आहे, तिथल्या ३४८ कोटी वर्षांच्या दगडात सूक्ष्मजीवांनी रचलेले थर सापडलेत, हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा. त्याच ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये ४४० कोटी वर्षांचे झिरकॉनचे (एक टणक खनिज) कण मिळालेत, वाळूच्या दाण्याएवढे, त्यावरून त्या काळी पृथ्वीवर पाणी होतं असं दिसतंय. म्हणजे पाणी ४४० कोटींच्या आसपास आणि जीव ३४८ कोटींना नक्की, यामध्ये कुठंतरी सुरुवात झाली. २०१५ मध्ये ४१० कोटी वर्षांच्या एका झिरकॉनमधल्या कार्बनवरून जीव तेव्हाच होता असा दावा झाला, पण एवढ्याशा कार्बनवर सगळ्यांचं एकमत नाही.

२. एवढे कोटी डोक्यात बसत नाहीत हो. सोपं करून सांगा ना.

पुण्याहून कोल्हापूरला गाडीनं निघालाय असं समजा. अंतर साधारण २३० किलोमीटर, म्हणजे १ किलोमीटरला जवळजवळ २ कोटी वर्षं. पुण्यात पृथ्वी तयार झाली. शिरवळ मागं टाकून खंबाटकी यायच्या सुमाराला पहिले पक्के पुरावे असलेले सूक्ष्मजीव. साताऱ्यात पोचलो की हवेत ऑक्सिजन. उंब्रजच्या आसपास केंद्रक असलेली पेशी. मग कराड गेलं, पेठ नाका गेला, अजून एकही प्राणी नाही बघा. प्राणी येतात ते किणी टोलनाक्याच्या जवळपास. तावडे हॉटेलवरून शहरात वळलो की डायनासोर संपतात, आणि आपण माणसं बिंदू चौकातल्या शेवटच्या १५ मीटरमध्ये. आपल्या पुस्तकातली सगळी चित्रं किणी टोलनाक्यानंतरची आहेत, आणि २०० किलोमीटरचा रस्ता मोकळाच सोडलाय.

३. निर्जीवातनं जीव कसा काय तयार होईल? डार्विननं हे सांगितलंय का?

नाही. डार्विनचा सिद्धांत जीव असल्यावर पुढं काय होतं त्याबद्दल आहे. सुरुवातीबद्दल त्यानं १८७१ मध्ये एका मित्राला पत्रात ‘कोमट पाण्याचं एखादं छोटं डबकं’ असा नुसता अंदाज लिहिला होता. पुढं १९२४ मध्ये रशियात ओपारिननी आणि १९२९ मध्ये इंग्लंडात हाल्डेननी हाच विचार नीट मांडला. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

प्रयोग केला स्टॅन्ली मिलरनं, १९५२ मध्ये. काचेच्या भांड्यात पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन घेतलं, विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि काही दिवसांत अमिनो आम्लं मिळाली. आता असं मानतात की तेव्हाच्या हवेत मिथेन-अमोनिया एवढा नव्हता, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त होता, त्यामुळं मिलरचा प्रयोग म्हणजे तेव्हाची हुबेहूब पृथ्वी नव्हे. पण मुद्दा टिकला, जीवाचा कच्चा माल आपोआप होऊ शकतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली तिच्यात तर ७० पेक्षा जास्त प्रकारची अमिनो आम्लं निघाली.

खरी अडचण पुढं आहे. डीएनए वाचायला प्रोटीन लागतं आणि प्रोटीन बनवायला डीएनए, मग आधी कोण? यावर उत्तर म्हणून आरएनए पुढं आला, कारण तो माहिती पण साठवतो आणि स्वतः रासायनिक काम पण करतो. हे दाखवल्याबद्दल टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. हे सगळं समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी झालं का जमिनीवरच्या डबक्यात, यावर शास्त्रज्ञांत अजून जोरात वाद चालू आहे, आणि कुणी ‘आता सिद्ध झालंय’ म्हणून व्हिडिओ पाठवला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

४. मग आज डबक्यात नवीन जीव का तयार होत नाही?

डार्विननं त्याच पत्रात याचं उत्तर दिलंय: असं काही तयार झालं तर आजचे जीव ते लगेच खाऊन टाकतील. दुसरं कारण ऑक्सिजन, तो असल्या नाजूक रेणूंची वाट लावतो, आणि सुरुवातीला तो हवेत नव्हता (प्रश्न ८).

५. लुका म्हणजेच पहिला जीव ना?

नाही, इथं सगळ्यांचाच गोंधळ होतोय. लुका म्हणजे आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा, तुमचा, उसाचा, दह्यातल्या बॅक्टेरियाचा, शेवटचा सामाईक पूर्वज. त्याच्या आधी पण जीव होते आणि त्याच्या सोबतीला दुसरे पण होते, फक्त त्यांचा वंश आजपर्यंत पोचला नाही. भावकीचं बघा, आजची सगळी घरं एकाच खापरपणजोबांपाशी मिळतात म्हणून त्या काळी गावात तेवढे एकच होते असं नसतं. २०२४ च्या एका अभ्यासात लुकाचं वय सुमारे ४२० कोटी वर्षं आणि त्याच्याकडं २,६०० च्या आसपास प्रोटीनची माहिती असावी असा अंदाज आला. जीन्सच्या तुलनेवरून काढलेला हिशेब आहे हा, दगडात सापडलेला पुरावा नव्हे.

६. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार इथं असले जुने जीवाश्म मिळतील का?

मिळणार नाहीत. आपला काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि पन्हाळ्यावर वरती जो तांबडा जांभा दिसतोय तो त्याच दगडाची झीज होऊन झालेला. प्रश्न २ च्या हिशेबात हे सगळं तावडे हॉटेलच्या आतलं.

बघायचंच असेल तर कर्नाटकात जा. बागलकोट भागातल्या चुनखडकांत १०० कोटी वर्षांपेक्षा जुने स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांनी रचलेले थरांचे दगड, प्रश्न ७) आहेत. लांब जायची तयारी असली तर उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यातलं सलखन आणि राजस्थानात उदयपूरजवळचं झामरकोटडा. फक्त एक हात जोडून विनंती, हातोडी नेऊ नका, फोटो काढा आणि दगड तिथंच राहू द्या.

७. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे काय? दगडावर पट्टे दिसले की तेच समजायचं का?

उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांची चिकट साय धरते, तिच्यावर गाळ बसतो, उजेडासाठी जीव परत वर येतात, परत साय, परत गाळ. असं हजारो वर्षं चाललं की कोबीच्या कापलेल्या गड्ड्यासारखा थरांचा दगड होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे इथं आजसुद्धा असे जिवंत उभे आहेत.

पट्टे मात्र फसवतात. २०१६ मध्ये ग्रीनलंडमधल्या ३७० कोटी वर्षांच्या दगडात स्ट्रोमॅटोलाइट सापडल्याची बातमी जगभर झाली आणि २०१८ मध्ये दुसऱ्या टीमनं जाऊन बघितलं तर त्यांच्या मते ते शंकू दगड दाबला-चुरगळला गेल्यामुळं झालेले होते. म्हणून प्रश्न १ मध्ये मी ३७० नाही लिहिलं, ३४८ लिहिलं.

८. हवेत ऑक्सिजन आला कुठनं? झाडांनी दिला ना?

झाडांच्या लई आधी. सायनोबॅक्टेरियानं दिला. रंकाळ्यावर कधी कधी कडेच्या पाण्यावर हिरवट-निळसर साय दिसते (केंदाळ नव्हे हां, केंदाळ ही मोठी वनस्पती), त्या सायीत असतात तसले बारके जीव. उन्हाच्या जोरावर पाणी फोडायचं, हायड्रोजन वापरायचा आणि ऑक्सिजन सोडून द्यायचा ही युक्ती उत्क्रांतीत एकदाच जमली असं दिसतंय, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी घटना हीच, माणूसबिणूस सगळं त्याच्या नंतर. आजची प्रत्येक हिरवी पानं हीच जुनी युक्ती वापरतात, ती कशी ते प्रश्न ११ मध्ये.

पुरावा तर आपल्या शिरोलीच्या एमआयडीसीत येतोय. तेव्हाच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं, ऑक्सिजन लागला की त्याचा गंज व्हायचा आणि तळाला बसायचा. त्या गंजाचे आणि सिलिकाचे एकावर एक लाल-करडे पट्टे आज जगभर लोहखनिज म्हणून खणतात, आणि बळ्ळारी-होस्पेटकडचं खनिज त्यातलंच, २५० कोटी वर्षांपेक्षा जुनं. फौंड्रीत काम करणाऱ्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हातातल्या कास्टिंगकडं बघत बसला. एवढं मात्र ध्यानात ठेवा, काही बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय थेट उजेड वापरून पण लोखंडाचा गंज करतात, त्यामुळं पट्टे दिसले म्हणजे ऑक्सिजन होताच असं दरवेळी नसतं.

हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या आधीच्या नदीच्या गाळात पायराइटचे (लोखंड आणि गंधकाचं खनिज) घासून गोल झालेले खडे मिळतात, ऑक्सिजन असता तर ते गंजून गेले असते, आणि नंतरच्या गाळात असले खडे जवळजवळ दिसतच नाहीत.

९. सायनोबॅक्टेरिया आधीच होते म्हणता, मग ऑक्सिजन साठायला एवढा उशीर का?

होता तेवढा खर्चून जात होता. समुद्रातलं लोखंड, ज्वालामुखीचे वायू, मिथेन, सगळे ऑक्सिजन खायला टपलेले. २४० कोटींच्या आधी काही ठिकाणी थोडाथोडा ऑक्सिजन असल्याच्या खुणा मिळतात, म्हणजे उत्पादन चालू होतं पण शिल्लक पडत नव्हती. आणि साठायला लागला तरी आजच्या २१ टक्क्यांच्या मानानं तो किरकोळच होता, खरी मोठी वाढ १०० कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ गेल्यावर.

१०. ऑक्सिजन तेव्हाच्या जीवांना विष होता म्हणे. मग सगळे मेले का?

विष होता हे खरं. किती मेले ते मोजता येत नाही, सूक्ष्मजीवांचे सांगाडे उरत नाहीत. पण बरेच जण जिथं हवा पोचत नाही तिथं जाऊन राहिले, आणि आजपण आहेत. गावाकडं घरामागं गोबरगॅस असेल तर त्यांना तुम्ही रोज शेण-पाणी घालताय. टाकी हवाबंद का ठेवायची? मिथेन करणारे ते जीव ऑक्सिजनमध्ये तगत नाहीत म्हणून. म्हशीच्या पोटात पण तेच. दिसायला बॅक्टेरियासारखे पण ते बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया. हे वेगळंच घराणं आहे हे कार्ल वूजनी १९७७ मध्ये दाखवलं, ते असल्याच मिथेनवाल्यांचा अभ्यास करताना.

११. एका पेशीनं दुसरीला गिळलं आणि त्यातनं आपण झालो, हे खरं आहे का?

खरं आहे, ‘गिळलं’ हा शब्द सोडून. आत नेमकं कसं घेतलं गेलं ते वादातलं आहे, पण आत राहिलं हे पक्कं. एक आर्किया घराण्यातली पेशी, तिच्यात एक ऑक्सिजन वापरणारा बॅक्टेरिया राहायला आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहून तो मायटोकॉन्ड्रिया (तंतुकणिका, पेशीला ऊर्जा देणारा भाग) झाला. पुढं अशाच एका पेशीत सायनोबॅक्टेरिया राहिला त्याचं हरितलवक झालं. उसाचं पान हिरवं आहे ते त्याच्यामुळं, आणि गुळाची गोडी पण शेवटी त्याचीच.

पुरावे बघा. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा गोल डीएनए असतो, बॅक्टेरियासारखा. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जीन्सचा. भोवती दोन पापुद्रे. तो नव्यानं तयार होत नाही, आधीच्याचे दोन होतात. आणि त्याचे जीन्स जुळवून बघितले तर बॅक्टेरियातल्या एका ठरावीक गटाशी नातं निघतं. लिन मार्ग्युलिसनी १९६७ मध्ये हे मांडलं, त्याआधी पंधराएक जर्नल्सनी तो पेपर नाकारला होता. कुणी पोरगी प्रयोगवहीत वेगळं उत्तर लिहून आणते तेव्हा मला कायम मार्ग्युलिस आठवतात.

यजमान पेशी कोण होती त्याचा माग २०१५ मध्ये लागला, ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रतळातल्या गाळात असे आर्किया मिळाले ज्यांच्याकडं आपल्यासारख्या पेशींचे कितीतरी जीन्स आहेत. जपानच्या टीमनं १२ वर्षं चिकाटीनं यांच्यातला एक लॅबमध्ये वाढवला आणि २०२० मध्ये जाहीर केला, आणि त्याला चक्क लांब फांद्यांसारखे हात होते. असल्या मिलापातनं आलेल्या केंद्रकवाल्या पेशींचे जीवाश्म साधारण १६५ कोटी वर्षांपासून मिळतात.

१२. मायटोकॉन्ड्रिया नसलेली केंद्रकवाली पेशी असते का? परीक्षेत ‘नाही’ लिहायचं का?

असते. २०१६ मध्ये चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पोटातला एक जीव तपासला, मोनोसर्कोमोनॉइडीस, त्याच्यात मायटोकॉन्ड्रियाचा मागमूस नाही. पण त्याच्या पूर्वजांकडं होता, यानं नंतर गमावला, म्हणून प्रश्न ११ ला धक्का लागत नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशीत पण नसतो, पण तिच्यात तो आधी असतो आणि ती तयार होताना त्याला काढून टाकते, तो वेगळा विषय. परीक्षेत पुस्तकातलं लिहा आणि तोंडी परीक्षेला हे सांगा.

१३. नर-मादी कधीपासून?

लैंगिक प्रजननाची खूण दिसणारा सगळ्यात जुना जीवाश्म म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडचं एक तांबडं शैवाल, बँगिओमॉर्फा, साधारण १०५ कोटी वर्षांचं. फायदा काय, तर दोघांचे जीन्स पिसले जातात, प्रत्येक पिढीत नवा डाव, त्यामुळं रोगजंतूंना एकच किल्ली सगळ्यांना लागू करता येत नाही. तांबडी शैवालं त्याच्या आधीपण असावीत, आपल्या चित्रकूटला १६० कोटी वर्षांच्या दगडात तशा दिसणाऱ्या पेशींच्या माळा सापडल्यात, २०१७ मध्ये जाहीर झाल्या.

१४. एकपेशीयपासून बहुपेशीय व्हायला एवढा वेळ का लागला? अवघड असतं का?

पेशींना एकत्र राहणं तेवढं अवघड नाही, वेगवेगळ्या वंशांत ते २५ पेक्षा जास्त वेळा घडलंय. २०१२ मध्ये अमेरिकेत साधं यीस्ट घेऊन प्रयोग केला, रोज जे लवकर तळाला बसतंय तेवढंच पुढं वाढवायचं, आणि दोनएक महिन्यांत सुट्या पेशींच्या जागी जोडलेले झुबके आले. अवघड आहे ते पुढचं, कामं वाटून घेणं आणि एकीनं स्वार्थी वाढ न करणं, कारण ती शिस्त मोडली की त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो. त्यात ऑक्सिजन कमी (प्रश्न ९), आणि नंतर ७१.७ कोटी वर्षांपूर्वीपासून पृथ्वी जवळजवळ पूर्ण बर्फानं झाकली गेली, दोनदा, ते ६३.५ कोटींना संपलं. मोठे मऊ जीव त्याच्यानंतरच दिसायला लागतात.

१५. कँब्रियनमध्ये सगळे प्राणी एकदम आले, मग उत्क्रांती खोटी नाही का पडत?

‘एकदम’ म्हणजे कोट्यवधी वर्षं हो, एका रात्रीत नव्हे. कँब्रियन सुरू झाला ५३.९ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायलोबाइट (समुद्रातले कवचवाले प्राणी) दिसतात ५२ कोटींच्या आसपास, चीनमधल्या चेंगजियांगचे सुंदर जीवाश्म ५१.८ कोटींचे. त्याच्या आधी पण प्राणी होते. डिकिन्सोनिया नावाचा पापडासारखा चपटा जीव ५५.८ कोटी वर्षांच्या रशियातल्या दगडात मिळाला आणि २०१८ मध्ये त्याच्यात कोलेस्टेरॉलचे अवशेष निघाले, म्हणजे तो प्राणीच. कँब्रियनमध्ये कवचं आणि टणक अंगं आली, एकमेकांना खाणं वाढलं, आणि टणक गोष्टी दगडात टिकतात, म्हणून आपल्याला अचानक गर्दी दिसते. गर्दी खरी आहेच, पण थोडा भाग तिच्या टिकण्याचा आहे.

१६. दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहे, म्हणजे आपल्याला उत्क्रांती आधीच माहीत होती ना?

हा प्रश्न लई जण श्रद्धेनं विचारतात, म्हणून नीट सांगतो. पाण्यातनं जमिनीवर हा क्रम जुळल्यासारखा वाटतो हे खरं, आणि लक्षात ठेवायला पोरांना तो आवडतो. पण अवतारांची गोष्ट धर्मरक्षणाची आहे, एका जातीपासून दुसरी कशी झाली हे ती सांगत नाही आणि तो तिचा हेतू पण नाही. दुसरं म्हणजे मासे येतात ५२ कोटींच्या सुमाराला. प्रश्न २ मधला रस्ता बघा, मत्स्यावतारापाशी पोचेपर्यंत आपण किणी टोलनाका पार केलेला असतो. देवळात गोष्ट सांगा, वर्गात पुरावा सांगा, दोन्ही जपता येतं.

१७. भीमबेटकाला डिकिन्सोनिया सापडला होता ना? पेपरात आलं होतं. पुस्तकात का नाही?

हो, २०२१ मध्ये भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहेत, वरच्या दगडावर एक पानासारखा ठसा दिसला आणि तो डिकिन्सोनिया म्हणून जाहीर झाला. मलापण इतका आनंद झाला होता की मी त्याच दिवशी वर्गात सांगितलं. त्याला मोठं महत्त्व होतं, कारण तिथल्या दगडाचं वय १०० कोटी का ५५ कोटी हा जुना वाद आहे आणि डिकिन्सोनिया असता तर तो ५५ च्या बाजूनं गेला असता. नंतर दुसरी टीम गेली तर तो ठसा दगडावरून सुटायला लागला होता, जवळच मधमाश्यांची पोळी लटकत होती, आणि निघालं काय, तर वाळून दगडाला चिकटून राहिलेलं जुनं पोळं. २०२३ मध्ये हे छापून आलं, आणि ज्यांनी मूळ दावा केला होता त्यांनी आपली चूक मान्य केली. पुढच्या बॅचला मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले आणि विचारलं की पहिला फोटो बघून तुम्ही काय म्हणाला असता, तर जवळजवळ सगळ्या पोरांनी जीवाश्मच म्हणून हात वर केला.